रंग उडाल्याची नोंद

कंग्राळीच्या खाली, मार्कंडेयच्या काठाला
भावकाण्णानं कोयत्यानं तोडून दिली निगडी.
पोत्याचं तोंड सुंभानं आवळत म्हणाला,
"काय करूलालीस गं एवढ्या पाल्याचं?
बाळंतीण हाय काय घरात?"
म्हटलं, परीक्षा घ्यायची आहे.
"पाल्याची? का तुझी?"

कॉलेजात पोतं उतरवून घेताना इराप्पा म्हणाला, लक्की.
हुक्केरी मॅडमनी कागदावर चिकटवलेल्या फांदीखाली
लिहिलं, वायटेक्स निगुंडो.
ह्या एका नावाला
दोन्हीकडचं कुणी काळं फासत नाही.

बारा दिवस सावलीत, जिन्याखाली,
जुन्या उत्तरपत्रिकांवर.
पानं पालथी करून करून
हाताला तो उग्र, मिरीसारखा वास,
बसमध्ये माझ्याआधी जागा धरणारा.
बाया खिडकी उघडायच्या.

मग सॉक्सलेट.
मिथेनॉल वाफ होऊन वर चढतं, थंड होतं,
भुकटीवर थेंब थेंब पडतं,
भरत येतं, भरत येतं,
आणि एकदम एका घोटात खाली.
पहिल्यांदा हिरवंगार, सातव्यांदा पोपटी,
विसाव्यांदा जवळजवळ पाणी.
पान तरी तीच गोष्ट किती वेळा सांगणार.
शंभर ग्रॅममधून उरले अकरा,
काळपट, चिकट,
चमचा न सोडणारे.

जांभळं द्रावण घेतलं.
इरकली लुगड्याचं असतं ते जांभळं,
पेटीतून काढल्यावर डोळ्यात भरणारं.
त्यात अर्क, चढत्या मापानं,
आणि अर्धा तास बंद कपाटात,
कारण ह्यात उजेडाला मध्ये बोलायची सवय.
दार उघडलं.
पहिली नळी होती तशीच.
तिसरी विटकी गुलाबी.
सहावी पिवळी, हळदीचे हात धुतलेल्या पाण्यासारखी.
"छान," मॅडम म्हणाल्या,
"रंग उडाला म्हणजे पानानं आपलं काहीतरी दिलं
त्या उधळलेल्या कणाला, आणि तो बसला खाली."
क जीवनसत्त्वापेक्षा उशिरा बसला,
पण बसला.

रात्री बाबांना मोबाईलवर फोटो दाखवला.
वडगावात चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस.
चष्मा कपाळावर सरकवून
एकेक नळी मोठी करून बघितली,
आणि हळू आवाजात, जणू मला वाईट वाटू नये म्हणून,
"कच्चा रंग गं.
व्यापारी परत पाठवणार बघ."

आमच्याकडे रंग उडाला की लुगडं परत येतं.
मजुरी कापतात.
एका वर्षी अख्खी दिवाळी कापली होती.
मी समजावायला तोंड उघडलं
आणि नुसतीच म्हणाले, हो, कच्चाच आहे.

दुसऱ्या दिवशी अंड्याचा पांढरा बलक.
सत्तर अंशांवर तो गढूळतो;
अर्क असला तर जरा कमी,
सूज आवरते म्हणायला तेवढा पुरावा.
प्रत्येक माप तीनदा.
दोन आकडे शेजारी शेजारी बसले,
तिसरा रुसून लांब.
खोडावासा वाटला.
खोडला नाही. आलेखावर
त्या रुसव्याची उभी रेघ काढली, लांबलचक,
मॅडमनी तीवर बोट ठेवून विचारलं, हे काय?
म्हटलं, झालं तसं लिहिलंय.

झालं तसं सगळंच लिहिलंय असं नाही.

बाबांची बोटं,
तुटले धागे जोडून जोडून पेरांशी सुजलेली.
सकाळी कपाचा कान धरवत नाही.
पाला आणला त्या रात्री तव्यावर पानं वाफवून
लुगड्याच्या फाटक्या काठानं बांधली होती मी.
त्यांनी विचारलं, "कॉलेजच्यातलाच काय हा?"
"नाही. वाटेत मिळाला."

प्रबंधात पान चौदा:
गोळा केलेला पाला, चार किलो दोनशे.
वाळवायला घातलेला, तीन किलो नऊशे.
फरकापुढे माझ्या अक्षरात,
देठं आणि माती.